पनामा, टीएमसीत मोजलेला

जुलै उजाडला की कराडपासून मिरजेपर्यंत सकाळच्या पेपरात आधी कोयनेचा आकडा बघितला जातो. बाजारभाव आणि राशिभविष्य नंतर. काल किती टीएमसी होतं, आज किती झालं, आवक किती, पायथा वीजगृहातून किती सोडलं. धरणाची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. म्हणून हिवाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीला निघालेलं जोडपं ‘तिकडं जातोच आहोत तर पनामा कालव्याची क्रूझ करावी का, आणि कोणत्या कंपनीची?’ असं विचारतं, तेव्हा डॉलरचा हिशेब बाजूला ठेवून टीएमसीनं सुरुवात करावीशी वाटते.

आपला कालवा उतारानं चालतो. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला कृष्णा कालवा दीडशेहून अधिक वर्षं तसाच वाहतोय. पनामाचा कालवा मधेच डोंगर चढतो. अटलांटिकच्या बाजूनं आलेलं जहाज पाण्याच्या तीन पायऱ्या चढून समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीवरच्या गाटून तलावात जातं, तलाव ओलांडतं आणि पलीकडं तीन पायऱ्या उतरून पॅसिफिकला लागतं. पायरी म्हणजे काँक्रीटचा प्रचंड हौद. जुना हौद ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, वरचं पाणी खाली सोडायचं. हौद भरतो आणि जहाज वर येतं. हे पाणी भरायला एकही पंप लागत नाही. टेंभू आणि म्हैसाळच्या पंपांची वीजबिलं कोण भरणार, यावर ज्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे पाहिलेत, त्यांना ही गोष्ट ऐकून जरा हेवा वाटावा. टेंभूला पाणी वर चढवायला पाच टप्पे आणि वीज लागते. पनामात पाणी खाली जातं आणि त्या बदल्यात जहाज फुकटात वर येतं.

फुकट म्हणजे विजेच्या बाबतीत. पाण्याची किंमत मात्र जबर आहे. एक जहाज या समुद्रातून त्या समुद्रात न्यायला साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी तलावातून निघून खारट होतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे एका टीएमसीत १४० जहाजं. रोजची ३६ जहाजं धरली तर दिवसाला पाव टीएमसी आणि वर्षाला ९० टीएमसीच्या आसपास. काठोकाठ भरलेलं कोयना धरण पनामाला नेऊन ठेवलं, तर ते जेमतेम चौदा महिने पुरेल.

आता हेच उलट्या बाजूनं बघा. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडल्याची बातमी आपण किती सहज वाचतो. त्या प्रवाहातून एका जहाजापुरतं पाणी ५६ मिनिटांत वाहून जातं. पावसाळ्यात दरवाजे वर उचलून विसर्ग लाख क्युसेकवर गेला, की तेवढ्याच पाण्याला ७० सेकंद लागतात. सांगलीत आयर्विन पुलाच्या खांबावरचे आकडे बघत रात्र काढणाऱ्याच्या अंगावर मिनिटाला जवळजवळ एक पनामा जहाज येत असतं.

माणशी हिशेब मला जास्त बोचतो. क्रूझवर २,००० प्रवासी असतील, तर कालवा ओलांडताना प्रत्येकाच्या वाट्याला एक लाख लिटर पाणी येतं. जत तालुक्यात उन्हाळ्यात येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरा. एका पर्यटकामागे दहा टँकर झाले. आणि जहाज मोठं असो की छोटं, तो हौद भरायला तेवढंच पाणी लागतं.

कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीकडं कोसळतं. एका जहाजाला लागतं तेवढं पाणी तिथं पडलं, तर दोन लाखांहून अधिक युनिट वीज होते. मग समजा, एखाद्या मंत्र्याच्या मनात आलं की क्रूझ थेट कोयनेच्या शिवसागर जलाशयात, तापोळ्याला आणायची. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर. गाटूनची एक पायरी पावणेनऊ मीटरच्या आसपास, म्हणजे कुंभार्ली घाटात ७६ हौद. गाटूनच्या तीन पायऱ्यांना दीड-दोन तास जातात. त्या हिशेबानं चढायलाच दीड ते दोन दिवस. तोवर बामणोलीची लाँच वासोट्याच्या पायथ्याशी कितीतरी खेपा घालून येईल.

हे सगळं सांगून झालं की ‘मग कंपनी कोणती?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. कंपनीचं नाव नंतर बघा, आधी जहाजाची रुंदी विचारा. १५ ऑगस्ट १९१४ ला सुरू झालेल्या जुन्या हौदांतून ३२.३ मीटरपर्यंतचं जहाज जातं. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट उरतात आणि भिंतीवरच्या रुळांवरून विजेची इंजिनं दोर ताणून जहाज मधोमध ठेवतात. प्रिन्सेसची कोरल प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिकाची झायडरडॅम याच मापाची. २६ जून २०१६ ला उघडलेले नवे हौद ५५ मीटर रुंद आहेत. ‘नॉर्वेजियन’ नावाच्या कंपनीचं ४१ मीटरचं ब्लिस तिथून जातं. नव्या हौदांशेजारच्या साठवण तळ्यांमुळं साठ टक्के पाणी पुन्हा वापरता येतं, हे खरं. पण तिथं इंजिनं नाहीत, टगबोटी आहेत. भिंत दूर आणि गंमत कमी. शंभर वर्षांपूर्वीची यंत्रणा हाताच्या अंतरावरून बघायची असेल, तर अरुंद जहाजच घ्यावं. वॉटरस्लाइड आणि सतरा उपाहारगृहं हवी असतील, तर त्यासाठी पनामापर्यंत जायची गरज नाही.

दुसरा प्रश्न अर्धा की पूर्ण. फ्लोरिडाहून निघणाऱ्या काही क्रूझ गाटूनच्या तीन पायऱ्या चढून तलावात फिरतात आणि त्याच पायऱ्या उतरून परत येतात. त्यात कुलेब्राचा काप हुकतो. खंडाचा पाणलोट दुभंगून खणलेली ती सुमारे १४ किलोमीटरची खिंड. फ्रेंचांनी १८८० च्या दशकात हात टेकले. अमेरिकनांनी १९०४ ते १९१४ मध्ये काम पुरं केलं, पण त्यांच्याच काळात साडेपाच हजारांवर माणसं मेली, आणि फ्रेंचांच्या काळातला अंदाज वीस हजारांपलीकडं जातो. ती खिंड न बघता परतायचं, तर मला वाटतं पैसे वाया गेले.

वर्षही बघावं लागतं. २०२३ मध्ये पनामात पाऊस दगा देऊन गेला. गाटूनची पातळी खाली गेली, आणि डिसेंबरात रोजची जहाजं ३६ वरून २२ वर आणावी लागली. त्याआधी नोव्हेंबरात रांग टाळून पुढं जाण्यासाठी एका जहाजानं लिलावात जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले. त्याच वर्षी कोयनाही पूर्ण भरलं नव्हतं, आणि सांगलीच्या योजनांना पाणी किती सोडायचं यावरून दोन जिल्ह्यांत वादावादी झाली. क्रूझ कंपन्या जागा फार आधी राखून ठेवतात, म्हणून त्या वर्षी त्यांना मालवाहू जहाजांइतकं सोसावं लागलं नाही. तरी मोसम ऑक्टोबर ते एप्रिल, आणि जानेवारीनंतर तिथं कोरडा काळ. पैसे भरण्याआधी तलावाची पातळी बघून घ्यायला काय हरकत आहे? आपल्याला सवय आहेच.

आणि बाल्कनीच्या खोलीसाठी जादा पैसे देऊ नयेत. कालव्याच्या दिवशी पहाटेपासून सगळं जहाज पुढच्या डेकवर उभं असतं, आणि जुन्या हौदांत खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीसमोर दोन फुटांवर ओली काँक्रीटची भिंत येऊन थांबते.