पांढरीचे टेकाड व खापरांची साक्ष

दख्खनमधील नद्यांच्या काठी, हल्लीच्या गावठाणाजवळ, राखेच्या रंगाचे टेकाड पुष्कळ ठिकाणी आढळते. ग्रामस्थ त्यास ‘पांढर’ म्हणतात. काळी ती पिकाची जमीन व पांढरी ती वस्तीची, हा भेद जुनाच आहे. मातीच्या भिंती पडल्या, त्यांवर नव्या उभ्या राहिल्या, चुलींची राख व केरकचरा साचला; त्यातून ही उंची निर्माण झाली. हीच माती खतासारखी उपयोगी पडते. म्हणून ती शेतांत नेली जाते आणि टेकाड वर्षानुवर्षे खंगत जाते.

अशा वस्तीचा काळ ठरविण्याचे मुख्य साधन म्हणजे फुटके खापर. लाकूड कुजते, नाणे क्वचितच मिळते. भाजलेली माती मात्र टिकते. शिवाय मडके घडविण्याची व रंगविण्याची तऱ्हा काळानुसार बदलते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे प्रवरेकाठी १९५०-५१ साली उत्खनन झाले. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी असलेल्या तेथील भांड्यांस पुढे त्या गावाचेच नाव मिळाले. ती इतकी पक्की भाजलेली असतात की खापरावर टिचकी मारताच खणखणीत नाद येतो. मात्र केवळ नादावर विसंबू नये. आजच्या कौलाचा तुकडाही वाजतो.

खापराची जात ओळखली म्हणजे काळ कळला, असे नव्हे. काळ कळतो तो थरांवरून. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे तळाशी माळवा पद्धतीची भांडी, त्यावर जोर्वे व सर्वांत वर उत्तर जोर्वे असा क्रम मिळाला. कार्बन-१४ परीक्षेच्या आधारे त्यांचे काळ स्थूलमानाने इ. स. पू. १६००-१४००, १४००-१००० व १०००-७०० असे ठरले. अन्यत्र मिळालेले खापर या क्रमाशी ताडून पाहावयाचे असते.

पाहणीत प्रथम टेकाडाची लांबी, रुंदी व उंची मोजून नकाशा काढतात. मग ठराविक मापाचे चौकोन आखून प्रत्येक चौकोनातील खापरे वेगळ्या पिशवीत ठेवतात. काठ, बूड, तोटी व नक्षीचे तुकडे विशेष बोलके असतात. ओढ्याने कापलेल्या कडेत थर आयतेच दिसतात. वरची खापरे मात्र नांगराने व माती उपसल्याने मिसळलेली असतात. त्यांवरून तेथे कोणत्या काळी वस्ती होती हे कळते. वस्ती केव्हा सुरू झाली हे कळेलच असे नाही, कारण सर्वांत जुना थर खाली गाडलेला असतो.

विद्यार्थी सुबक खापरे वेचून शाळेत आणतात व ती एकाच टोपलीत पडतात. असे खापर देखणे राहिले तरी त्याची साक्ष गेलेली असते. शिक्षकांनी मुलांस टेकाड दाखवावे, खणू मात्र देऊ नये. मातीच्या गाड्या लागल्याचे दिसल्यास कोणती बाजू किती कापली गेली हे तारखेसह टिपून राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास कळवावे. शाळेत आधीच आलेल्या खापरांचे ठिकाण आणणाऱ्या मुलास विचारून पिशवीवर लिहावे, आणि नक्षीचे तुकडे घासून धुऊ नयेत.