वरच्या डिव्हिजनला जाण्याआधी भरती सुधारा

झाशीहून बोलतोय. आजचा विषय आहे ऑनलाइन बास्केटबॉल प्रशिक्षकाचा खेळ. ‘हूप्स डायनॅस्टी’सारख्या खेळात तुम्ही अमेरिकेतल्या एका कॉलेज संघाचे प्रशिक्षक असता. सुरुवात डिव्हिजन तीनमध्ये होते, मग दोन, मग एक. अमेरिकेच्या कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, या तीन पायऱ्या 1973 मध्ये केल्या.

बरेच जण विचारतात, “दोन हंगाम जिंकलो, आता वर जाऊ का?” मी उलट विचारतो, जिंकून देणारी मुलं कोणी निवडली होती? कॉलेजचा खेळाडू साधारण चार वर्षं खेळतो. संघ हाती घेऊन दोनच वर्षं झाली असतील, तर मैदानावरचे निम्मे खेळाडू आधीच्या प्रशिक्षकाचे असतात. त्या विजयात तुमची भरती तपासली गेलेलीच नाही. म्हणून चार हंगाम थांबा. सगळा संघ तुमच्या निवडीचा होऊ द्या आणि मग निकाल बघा.

तोवर चार गोष्टी पक्क्या करा.

पहिली, आजचा आकडा नको, वाढ बघा. एका मुलाचं रिबाउंड 60 आहे, पण वाढायला जागा नाही. दुसऱ्याचं 45 आहे आणि वाव भरपूर आहे. तिसऱ्या वर्षी दुसरा पुढे असेल. स्काउटिंगचा खर्च हा वाव ओळखण्यासाठीच करायचा.

दुसरी, वर्षांचा समतोल. बारा जणांचा संघ असेल तर दरवर्षी तीन जण यावेत आणि तीन जावेत. एकाच वर्षी सहा जण बाहेर पडले, की पुढचा हंगाम कच्च्या मुलांवर काढावा लागतो.

तिसरी, अंतर. लांबच्या मुलाला भेटायला पैसा जास्त जातो. झाशीहून ग्वाल्हेर शंभर किलोमीटर, पुणे हजाराच्या आसपास. पुण्याच्या एका फेरीत ग्वाल्हेरला किती वेळा जाऊन येता येईल, तुम्हीच मोजा. जवळची मुलं आधी चाळा. आमच्या गावात याचा दाखला आहे. ‘झाशी हीरोज’ या इथल्या हॉकी संघाने 1933 मध्ये कलकत्त्याला जाऊन बेटन कप जिंकला. ध्यानचंद त्या संघात होते, आणि आपला सर्वोत्तम सामना म्हणून ते त्याच अंतिम सामन्याचं नाव घेत.

चौथी, माघार कधी घ्यायची ते. खालच्या पायरीवर बरेच संघ संगणक चालवतो, म्हणून चांगली मुलं उरतात. वर जवळपास प्रत्येक चांगल्या मुलामागे दुसरा प्रशिक्षक असतो, आणि त्याच्या कॉलेजचं नाव तुमच्याहून मोठं असू शकतं. एका मुलावर सगळा पैसा लावून तो हातचा गेला, तर जागा रिकामी राहते. प्रत्येक जागेसाठी दुसरं नाव तयार ठेवा. आणि खेळवण्याचं वचन पाळता येणार असेल तरच द्या. वचन मोडलं की मुलगा संघ सोडतो.

वर गेलात की पुन्हा दुसऱ्याने निवडलेला संघ हाती येतो. पहिल्या वर्षी हार होईल, ती सोसा. तुमची खरी परीक्षा त्या वर्षीच्या भरतीत आहे, कारण ती मुलं पुढची चार वर्षं तुमच्याबरोबर असतील.

पुढच्या भागात स्काउटिंगचे पैसे कसे वाटायचे ते बघू.