तेरावं गाणं
(लेखमाला : पुन्हा पुन्हा ऐकावं असं – भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण 'निर्वाणा'च्या 'नेव्हरमाइंड'पाशी थांबलो होतो. १९९१ साली आलेल्या त्या अल्बमनं 'अल्टरनेटिव्ह रॉक' नावाचा प्रकार कॉलेजांच्या रेडिओवरून उचलून थेट बाजारात आणून ठेवला. चमकदार कपडे, धूर, गिटारवरची बोटांची कसरत हा जुन्या रॉकचा थाट टाकायचा आणि चार कॉर्डच्या आधारानं मनात सलत असेल ते गायचं, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण गायचं कोणी? बहुतेक वेळा पुरुषांनीच. आजचा अल्बम मात्र बाईच्या आवाजावर उभा आहे : आयर्लंडच्या 'द क्रॅनबेरीज' या बँडचा 'नो नीड टू आर्ग्यू'. ऑक्टोबर १९९४मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि जगभरात त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. बँड लिमरिक शहरातला. गिटारवर नोएल होगन, बेसवर त्याचा भाऊ माइक, ड्रम्सवर फर्गल लॉलर आणि मायक्रोफोनसमोर डोलोरेस ओ'रिऑर्डन. तिचं वय तेव्हा तेवीस.

वसईच्या पट्ट्यात माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना हा अल्बम अजून पाठ आहे. आमच्या गास गावात कुणाच्या अंगणात वाढदिवसाची पार्टी रंगली आणि गिटार बाहेर निघाली, की 'झॉम्बी' झाल्याशिवाय माणसं घरी जात नाहीत. बाहेरच्यांना यात नवल वाटत नाही. 'ख्रिस्ती लोक, त्यांना इंग्रजी गाणी आवडणारच,' असं म्हणून ते मोकळे होतात. हे कारण मला कधीच पटलेलं नाही. गासमधल्या कुपारी ख्रिस्ती घरात बोलतात ती कादोडी बोली, शाळा मराठी, चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, तीही मराठी. इंग्रजी घरात शिरलं ते पुढे, नोकरीच्या आणि कॉन्व्हेंटच्या वाटेनं. शिवाय नव्वदच्या दशकात इंग्रजी गाण्यांचा पूर आला होता. १९९४मध्ये स्टारवरून एमटीव्ही गेलं आणि त्या जागी चॅनल व्ही आलं, तेव्हा दिवसभर टीव्हीवर काय काय वाजत असे! त्यातलं बहुतेक वाहून गेलं. हाच अल्बम का राहिला, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते उत्तर आवाजात आहे, आणि तो आवाज कुठे घडला त्यात.

डोलोरेस ही लिमरिकजवळच्या बॅलीब्रिकन या खेड्यातली. वडील शेतमजूर. मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला इजा झाल्यानं त्यांचं काम सुटलं होतं. आई शाळेत जेवण पुरवण्याचं काम करी. भावंडांत ही धाकटी. लहानपणीच ती गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागली, शाळेच्या आणि चर्चच्या क्वायरमध्ये गाऊ लागली. शिक्षण आयरिश माध्यमात झालं. मग १९९०मध्ये लिमरिकची तीन पोरं गायक शोधताहेत असं तिला कळलं. आधीचा गायक बँड सोडून गेला होता. ती कीबोर्ड घेऊन गेली, गाऊन दाखवलं, आणि नोएलनं दिलेल्या चालीवर शब्द लिहून परत आली. ते गाणं 'लिंगर'. पहिला अल्बम गाजला तो मुख्यतः या गाण्यामुळे.

आता चर्चमधलं गाणं गळ्याला नेमकं काय शिकवतं, ते पाहू. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लॅटिनच्या जोडीला लोकांच्या भाषेला जागा करून दिली. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होई. परिषदेनंतर आयर्लंडच्या खेड्यात इंग्रजी आणि आयरिश गीतं आली, वसईत मराठी गीतं आली, आणि ऑर्गनच्या शेजारी पेटी-तबला बसला. १९७१मध्ये जन्मलेली डोलोरेस त्या बदलानंतरच्या पहिल्या मुलांपैकी. गासच्या संत गोन्सालो गार्सिया चर्चमध्ये त्याच बदलानंतर वाढलेली माझी पिढी. (गोन्सालो गार्सिया वसईचा. १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं, आणि १८६२मध्ये तो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला.)

सणाच्या आधी क्वायरचा सराव चालतो तेव्हा जाऊन बसा. पंखे बंद, कारण वह्यांची पानं उडतात. कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावलेला. मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या बाजूला, आणि शिकवणाऱ्याचं एकच पालुपद : शब्दाचा शेवट गिळू नका, स्वर हलवू नका. या दोन सूचना वास्तूमुळे आलेल्या आहेत. उंच छताच्या, दगडी किंवा सिमेंटच्या भिंतींच्या जागेत आवाज घुमतो. भराभर घेतलेल्या जागा एकमेकींत मिसळून त्यांचा काला होतो. म्हणून स्वर सरळ आणि लांब ठेवायचा, 'आ', 'ए', 'ओ' पूर्ण उघडायचे, आणि श्वास ओळीच्या अधेमधे न तोडता शेवटी घ्यायचा. इथे हरकती-मुरक्यांना वाव नसतो. स्वर नुसता धरून ठेवण्यातच भाव उतरवावा लागतो.

डोलोरेसच्या गळ्यात ही तालीम पुरती मुरलेली आहे. हळू गाण्यांत ती स्वर घट्ट धरून ठेवते, तो हलू देत नाही, आणि अमेरिकन उच्चारांची नक्कलही करत नाही. लिमरिकचा हेल जसाच्या तसा राहतो. मागे ऐकू येणारे साथीचे आवाजही तिचेच. निर्माता स्टीफन स्ट्रीट यानं तिचा आवाज थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केला, म्हणजे एका मुलीचाच अख्खा क्वायर. स्ट्रीटनं आधी 'द स्मिथ्स'बरोबर काम केलं होतं. गायकाच्या आड वाद्यं येऊ द्यायची नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण नुसत्या क्वायरनं हा आवाज बनत नाही. सरळ स्वर चालू असताना मध्येच तो फुटतो, छातीतल्या जाड आवाजातून एकदम वरच्या बारीक आवाजात उडी मारतो आणि तितक्याच झटक्यात खाली येतो. शास्त्रीय पाश्चात्त्य तालमीत हा सांधा लपवायला शिकवतात. ती तो मुद्दाम उघडा ठेवते. आयर्लंडमध्ये मेलेल्या माणसाजवळ बसून बायका शोक गात, त्या जुन्या प्रथेशी अनेकांनी याचं नातं जोडलं आहे. आपल्याकडे ते समजावून सांगायला नको. मयताच्या घरी म्हाताऱ्या बायका हेल काढून रडतात, गेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या खोड्या, त्याचं कष्टाचं आयुष्य आठवत, एकीनं सोडलेलं दुसरीनं उचलत, तेव्हा आवाज नेमका असाच फुटतो. त्या रडण्यात लय असते. ज्यानं ते लहानपणी ऐकलंय, त्याला 'झॉम्बी'चं ध्रुपद पहिल्यांदा ऐकतानाही परकं वाटत नाही.

'झॉम्बी'वर जरा थांबायलाच हवं, कारण त्यामागची तारीख आपल्याला लागून आहे. १२ मार्च १९९३, शुक्रवार. चर्चगेटची गाडी पकडून रोज मुंबईला जाणाऱ्या वसईकराला हा दिवस कुठला ते सांगावं लागत नाही. साखळी स्फोटांत २५७ माणसं गेली. घरी न पोचलेल्यांची वाट पाहत त्या संध्याकाळी स्टेशनांवर माणसं उभी होती. त्यानंतर आठच दिवसांनी, शनिवारी २० मार्चला, इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावच्या बाजारपेठेत आयरिश रिपब्लिकन आर्मीनं कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले बॉम्ब फुटले. दुसऱ्या दिवशी तिकडचा मातृदिन होता, बाजारात गर्दी होती. तीन वर्षांचा जॉनथन बॉल जागीच गेला, बारा वर्षांचा टिम पॅरी पाच दिवसांनी. डोलोरेस त्या वेळी बँडबरोबर इंग्लंडमध्ये दौऱ्यावर होती. 'झॉम्बी' तिनं एकटीनं लिहिलं. बाकीची बरीच गाणी नोएलच्या साथीनं झाली आहेत, हे नाही.

गाण्यात १९१६ या सालाचा उल्लेख येतो, तो ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या ईस्टरच्या उठावाचा. त्या उठावाचं नाव घेऊन आज मुलं मारणारे माझ्या नावानं ते करत नाहीत, असं ती आयरिश असून म्हणते. हे धाडस होतं, आणि आयर्लंडमध्ये काहींना ते आजही रुचत नाही. ब्रिटिश फौजांनी उत्तर आयर्लंडमध्ये केलेल्या हत्यांबद्दल गाणं गप्प बसतं, असा त्यांचा आक्षेप असतो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण दोन मुलांच्या मरणावर लिहिलेल्या गाण्यात लेखाजोखा मागणं मला पटत नाही. संगीताच्या बाजूनं पाहिलं तर ते अगदी साधं आहे : ई मायनर, सी, जी, डी या चार कॉर्डचं एकच चक्र पाच मिनिटं फिरतं. शिकाऊ पोरगाही आठवड्यात वाजवतो. अंगणातल्या पार्टीत ते टिकून राहण्याचं एक कारण हेही आहे, उगाच नाकारू नये. गिटारचा खरखरीत आवाज मात्र या बँडच्या स्वभावातला नव्हता. तो त्यांनी या गाण्यापुरता मुद्दाम आणला.

आणि इथेच या अल्बमवर अन्याय झाला. 'झॉम्बी' इतकं गाजलं की पुष्कळांना तो अल्बमच 'झॉम्बीवाला' म्हणून माहीत आहे. तेरा गाण्यांत ते चौथं, आणि बाकीच्यांशी त्याचं फारसं साम्य नाही. पहिलं गाणं 'ओड टू माय फॅमिली' घर सोडून नावारूपाला आलेल्या मुलीला आई-वडिलांची आठवण येते, एवढंच सांगतं. ते ऐकायला आखातात किंवा बोटीवर नोकरी करणारा आमच्याकडचा कुणीही पुरेसा आहे. 'ट्वेंटी वन' जवळजवळ जागचं हलत नाही, आणि तेच त्याचं बळ. 'दि आयसिकल मेल्ट्स' पुन्हा एका मारल्या गेलेल्या लहान मुलाबद्दल. 'डॅफोडिल लॅमेंट' सहा मिनिटांत तीनदा रूप पालटतं. मला विचाराल तर अल्बममधली सगळ्यात मोठी झेप तीच. 'एव्हरीथिंग आय सेड' आणि 'डिसअपॉइंटमेंट' ही दोन मात्र मी अजूनही सहन करतो, ऐकत नाही.

'यीट्स ग्रेव्ह' या गाण्यात आयरिश कवी यीट्सच्या एका कवितेच्या ओळी येतात.   

तेरावं, म्हणजे शीर्षकाचं गाणं सगळ्यात शेवटी येतं. त्यात ड्रम नाहीत, गिटार नाही. फक्त ऑर्गन आणि तिचा आवाज. संपलेल्या नात्यावर, भांडण्यासारखं आता काही उरलं नाही, असं सांगणारं हे गाणं प्रार्थनागीताच्या चौकटीत बसवलं आहे. ऑर्गन लांब स्वर धरून ठेवतो, वर ती ओळ ओढत नेते आणि ओळीच्या टोकाला श्वास घेते. मिस्सा संपून लोक पांगल्यावर कुणी एकटंच वर ऑर्गनपाशी बसून राहावं, तसं ते वाटतं. जगभर खपलेल्या रॉक अल्बमचा शेवट एका कंपनीनं असा होऊ दिला, हे आजच्या हिशेबानं अजबच. माझ्या मते अल्बमवरचं प्रेम टिकलं ते 'झॉम्बी'मुळे नाही, या गाण्यामुळे. 'झॉम्बी' माणसं एकत्र असताना गातात. हे एकट्यानं ऐकतात, आणि आवड टिकते ती एकट्यानं ऐकलेल्या गाण्यावर.

चर्चमधून आलेल्या गळ्याचा विषय निघालाच आहे, तर त्याच काळातली दुसरी आयरिश गायिका आठवते : शिनेड ओ'कॉनर. १९९२मध्ये तिनं अमेरिकन टीव्हीवर पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो फाडला. चर्चमध्ये मुलांवर होणाऱ्या अत्याचारांचा तो निषेध होता. जगानं तिला वाळीत टाकलं आणि पुढे चौकश्यांतून तिचं म्हणणं खरं निघालं. डोलोरेस उलट २००१मध्ये व्हॅटिकनच्या नाताळच्या मैफलीत गायली आणि त्याच पोपना भेटली. आमच्याकडे काहींना पहिली नकोशी आणि दुसरी हवीशी वाटते. मला असा निवाडा करता येत नाही. दोघींचे गळे एकाच चर्चनं घडवले. एकीनं त्याला जाब विचारला, दुसरी त्याच्यापाशी राहिली, आणि दोघींनी जे केलं ते मनापासून केलं.

१५ जानेवारी २०१८ला डोलोरेस लंडनमधल्या हॉटेलात बाथटबमध्ये मृतावस्थेत सापडली. दारूच्या अमलाखाली अपघातानं बुडून मृत्यू, असा निर्णय चौकशीत झाला. वय ४६. आपल्या मानसिक आजाराबद्दल ती उघडपणे बोलली होती. अंत्यविधी बॅलीब्रिकनच्या, ती लहानपणी ज्यात गायली त्याच चर्चमध्ये झाला. तिनं आधी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजांवर उरलेल्या तिघांनी एक शेवटचा अल्बम पुरा केला, तो २०१९मध्ये आला, आणि बँड बंद केला. दुसरी गायिका आणून त्याच नावानं दौरे काढायचा मोह त्यांनी टाळला, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

मराठीत असा अल्बम अजून माझ्या ऐकण्यात नाही. मुली समोर, आवाज चर्चमधून, भजनातून किंवा ओवीतून आलेला, आणि मागे गिटार, असा. वसईच्या क्वायरांमध्ये गळे आहेत. चालीही आहेत. चार मैत्रिणींनी मिळून गाणी लिहायला बसायचं तेवढं राहिलंय.

पुढच्या आठवड्यात कॅनडाच्या अॅलनिस मॉरिसेटचा 'जॅगेड लिटल पिल', १९९५चा. तोवर 'नो नीड टू आर्ग्यू' ऐकणार असाल तर एकच विनंती : यादीतून 'झॉम्बी' शोधून लावू नका. पहिल्या गाण्यापासून क्रमानं लावा, आणि तेराव्याला दिवा मालवा.