टपाल-सर्व्हरचा पत्ता बदलतांना

मनुष्यानें राहतें घर बदललें म्हणजे नव्या दारावर पाटी लावून भागत नाहीं. पोस्टमन, वाणी, बँक, आप्तेष्ट या सर्वांच्या वहींत जुनाच पत्ता राहिलेला असतो, व जो तो तेथेंच जाऊन दार ठोठावितो. ईमेलची ने-आण करणारा जो संगणक, ज्यास मेल सर्व्हर म्हणतात, त्याचीहि गत हीच. तो एकदां मांडून चालूं केल्यावर त्याचा पत्ता बदलावयाचा झाल्यास कोणत्या अडचणी येतात, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आतां शाळांच्या कित्येक सूचना याच मार्गानें घरोघर जातात. तेव्हां हा विषय पालकांस अगदींच परका नाहीं.

इंटरनेटवर सर्व्हरला आंकड्यांचा पत्ता असतो. ० ते २५५ यांमधील चार संख्या व मध्यें टिंबें, हें त्याचें जुनें व अद्यापि चालणारें रूप होय. असे आंकडे ध्यानांत राहत नाहींत, म्हणून १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवावरून आंकडा शोधून देणारी डी. एन्. एस्. ही पद्धति रचिली. ती इंटरनेटची पत्त्यांची वहीच म्हणावी.

पहिली अडचण घरांतलीच. सर्व्हर मांडतांना त्याचा आंकडा अनेक ठिकाणीं लिहिला जातो : त्याच्या स्वतःच्या नांवांच्या फायलींत, कोणत्या पत्त्यावर कान द्यावा या आज्ञेंत, कोणाचीं पत्रें विश्वासानें पुढें पाठवावीं या यादींत, आणि दाराशीं पहारा करणाऱ्या फायरवॉलमध्यें. यांपैकीं एखादी नोंद जुनी राहिली तर सर्व्हर सुरूच होत नाहीं, किंवा सुरू होऊनहि मुका राहतो.

दुसरी अडचण काळाची. वहींतील नोंद बदलली तरी इतर संगणक जुना आंकडा कांहीं काळ स्मरणांत ठेवितात. हा काळ नोंदीवरच सेकंदांत लिहिलेला असतो. ८६,४०० लिहिले असल्यास तो एक पूर्ण दिवस. म्हणून जाणता मनुष्य एक-दोन दिवस आधींच तो ३०० सेकंदांवर, म्हणजे पांच मिनिटांवर, आणितो, व जुना पत्ताहि कांहीं दिवस चालूं ठेवितो. दार बंद दिसल्यास पत्र आणणारा सर्व्हर पुनः पुनः येतो. चार-पांच दिवस प्रयत्न करण्याचा प्रघात आहे. परंतु जुन्या पत्त्यावर दुसराच कोणी राहावयास आला व त्यानें "असा कोणी येथें नाहीं" असें सांगितलें, तर पत्र तत्काळ परत जातें.

तिसरी अडचण सर्वांत कठीण, कारण ती दिसत नाहीं. येणारीं पत्रें नीट येतात, पण जाणारीं पोंचत नाहींत. पत्र घेणारा सर्व्हर आंकड्यावरून नांव विचारतो. ही उलट नोंद पत्ता देणाऱ्या कंपनीच्या हातीं असते, व तिच्याकडून ती मुद्दाम करवून घ्यावी लागते. गूगलनें तर फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे पत्रें पाठविणारांस ही नोंद आवश्यक केली. पुढें, अमुक नांवानें कोणत्या आंकड्यांवरून पत्रें यावींत याची 'एस्. पी. एफ्.' नांवाची यादी पाहिली जाते. तींत नवा आंकडा घालावा लागतो. शिवाय त्या पत्त्यावरील पूर्वीच्या भाडेकरूनें फसवीं पत्रें धाडलीं असल्यास त्याची अपकीर्ति नव्याच्या माथीं येते. पत्ता अगदीं कोरा असला तरी आरंभीं पत्रें थोडीं पाठवून विश्वास हळूहळू मिळवावा लागतो.

यांत हानि कोणाची होते ? शाळा समजते, पत्र गेलें. पालक समजतात, शाळा गप्प आहे. आणि पत्र मात्र 'स्पॅम'च्या कप्प्यांत पडून प्रवेशाची मुदत टळते. दोष कोणाच्याच मनांत नसतां लेंकराचें वर्ष धोक्यांत येतें. म्हणून पत्ता बदलल्यावर बाहेरच्या निरनिराळ्या पत्त्यांवर पत्रें धाडून तीं पोंचलीं काय हें पाहावें. आणि पालकांनींहि तो कप्पा अधूनमधून उघडावा, व उत्तर न आल्यास रागावण्यापूर्वीं एकदां फोन करून विचारावें.

विद्यार्थिमित्रहो, पत्र धाडणें आणि पत्र पोंचणें या दोन गोष्टी आहेत. ज्याच्या हातीं दुसऱ्यांचीं पत्रें सोंपविलीं आहेत, त्याचें काम पहिलीनें संपत नाहीं.