कॅमेऱ्याचा पासंग

दुकानात ट्यूबलाइटखाली पसंत केलेली साडी घरी उन्हात नेली की वेगळीच दिसते. साडी तीच, उजेड बदलला. आज बोलू या अशा कॅमेऱ्याबद्दल, ज्याला ही फसगत परवडत नाही.

मोबाइलचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीनच रंग मोजतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा तोच उजेड शेकडो बारीक पट्ट्यांत वाटून मोजतो, डोळ्यांना न दिसणारा उजेडसुद्धा. प्रत्येक वस्तू काही पट्ट्या गिळते, काही परत पाठवते. हिरव्या पानाची खूण वेगळी, चिकणमातीची वेगळी, चुनखडीची वेगळी. त्या खुणेवरून समोर काय आहे ते ओळखतात.

पण तराजूसारखा आधी त्याचाही पासंग काढावा लागतो. प्रथम झाकण लावून फोटो घेतात. अंधारातही यंत्र थोडा आकडा दाखवतं, तो वजा करायचा. मग जवळजवळ सगळा उजेड परतवणारी पांढरी पाटी त्याच उन्हात ठेवून फोटो घेतात. हे आपलं शिक्क्याचं वजन. पाटीला बोटं लावायची नाहीत. ती मळली तर माती आहे त्याहून उजळ ठरते.

समजा, एका पट्टीत झाकण लावून आकडा आला १०, पाटीचा २१०, मातीचा ६०. दोन्हींतून १० वजा करा. पाटी २००, माती ५०, म्हणजे माती पाव हिस्सा उजेड परतवते. आता ढग आला. पाटी ११० झाली, माती ३५. वजाबाकीनंतर १०० आणि २५. पुन्हा पावच! पाटी नसती, तर ६०चे ३५ झालेले पाहून माती ओली आहे असं वाटलं असतं, कारण ओली माती गडद दिसते. त्या भरवशावर पाणी लांबवलं, तर पीक कुणाचं वाळणार?

पट्ट्यांच्या जागाही तपासतात. पाऱ्याच्या दिव्याची हिरवी रेघ ५४६ नॅनोमीटरवरच यायला हवी. नाही आली, तर कॅमेऱ्याच्या खुणा सरकल्या.

इस्रोने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी असा कॅमेरा असलेला ‘हायसिस’ उपग्रह सोडला. उपग्रहापुढे पाटी कोण धरणार? तिथे कच्छच्या रणासारखी सपाट, मोकळी जमीन पाटीचं काम करते. उपग्रह वरून जाताना शास्त्रज्ञ खाली तीच जमीन मोजतात आणि दोन्ही आकडे ताडून पाहतात.

तेव्हा तुमच्या शिवारात कुणी असं मोजमाप करायला आलं, तर गटाने दोन प्रश्न विचारावेत. पांढऱ्या पाटीचा फोटो घेतला का? आणि ढग आल्यावर पुन्हा घेतला का?