फोटोतला चंद्र बरोबर आहे

कोजागिरी झाली की एक तक्रार हमखास येते. संध्याकाळी समोरच्या इमारतीमागून भलाथोरला केशरी चंद्र वर आला, घाईघाईनं मोबाइल काढून फोटो घेतला आणि फोटोत निघाला एक पांढरा ठिपका. यंदा एका वाचकानं थेट विचारलंय, "जास्त महागाचा फोन घेतला तर चंद्र दिसला तसा येईल का?"

फोन बदलू नका. फोटोतला चंद्र बरोबर आहे. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सला डावीकडून उजवीकडे साधारण 65-70 अंशांचं दृश्य मावतं आणि चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. म्हणजे फोटोच्या रुंदीत असे सव्वाशे-दीडशे चंद्र सहज ओळीनं बसतील. कॅमेऱ्यानं जे होतं ते मोजलं. तुम्ही जो पाहिलात तो चंद्र तुमच्या मेंदूनं तयार केलेला होता.

खोटं वाटत असेल तर एक करून पाहा. फाइलला लावायच्या कागदाला पंचिंग मशीननं भोक पाडतात ना, ते सुमारे सहा मिलिमीटरचं असतं. असा कागद हात पूर्ण लांब करून धरा, एक डोळा मिटा आणि त्या भोकातून उगवता चंद्र पाहा. जवळजवळ नेमका बसेल. कडेला फट राहिलीच तर अगदी थोडी. मग रात्री बाराच्या सुमारास, मसाला दूध आटोपल्यावर, चंद्र डोक्यावर आलेला असताना तोच कागद, तोच हात, तोच डोळा. चंद्र पुन्हा तेवढाच बसेल. पहिल्या वेळी भोकातून पाहताना आणखी एक गंमत जाणवेल. कागदामुळे इमारती, झाडं, तारा झाकल्या गेल्या की 'भलाथोरला' चंद्र एकदम आकसतो. कागद बाजूला करा, पुन्हा फुगतो. आपण फसतोय हे कळूनही फसणं थांबत नाही. दृष्टिभ्रमाची खरी खूण हीच.

वर्गात या प्रश्नावर पटकन मिळणारं उत्तर म्हणजे 'क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, तो भिंगासारखं काम करतो.' रंगाचं श्रेय हवेला द्यायला हरकत नाही; केशरी छटा तिचीच. पण आकाराचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. वक्रीभवनानं क्षितिजावरचा चंद्र उलट खालून-वरून थोडा चेपला जातो. शिवाय उगवता चंद्र आपल्यापासून किंचित दूर असतो. तो डोक्यावर येईपर्यंत पृथ्वीच्या फिरण्यानं आपण जवळपास एका त्रिज्येनं, म्हणजे सुमारे 6,400 किलोमीटरनं, त्याच्याजवळ सरकलेलो असतो. चंद्राचं सरासरी अंतर 3,84,000 किलोमीटर. तेव्हा काटेकोर मोजलंत तर मोठा वाटणारा चंद्र दीडेक टक्क्यानं लहानच भरेल!

ओघानं 'सुपरमून'बद्दलही बोलून घेतो, कारण वर्षातून दोन-तीनदा वर्तमानपत्रांत (आमच्यासुद्धा) त्याचे मथळे झळकतात. हा शब्द खगोलशास्त्रज्ञांचा नव्हे. रिचर्ड नोल या अमेरिकन ज्योतिषानं तो 1979 मध्ये रूढ केला. पृथ्वीपासून सर्वांत दूर असतानाच्या पौर्णिमेशी तुलना केली, तर सुपरमून व्यासानं जास्तीत जास्त 14 टक्के मोठा असतो. नेहमीच्या पौर्णिमेपेक्षा सातेक टक्के. आता मागच्या पौर्णिमेचा चंद्र काही आपण शेजारी ठेवून पाहत नाही, त्यामुळे एवढा फरक नुसत्या डोळ्यांना कळणं जवळपास अशक्यच. तरीही लोक गच्चीवर जातात, चंद्र उगवताना पाहतात आणि "केवढा मोठा!" म्हणतात. तो मोठेपणा मथळ्यातला नसतो. कुठल्याही पौर्णिमेला, फुकट, मेंदू त्याहून मोठा सुपरमून दाखवतोच.

कोडं जुनं आहे. 'लिएझ' नावाच्या प्राचीन चिनी ग्रंथात दोन पोरांच्या वादाची गोष्ट आहे. एक म्हणतो, सूर्य सकाळी जवळ असतो, कारण तेव्हा तो मोठा दिसतो. दुसरा म्हणतो, छे, दुपारी जवळ असतो, कारण तेव्हा चटके बसतात. वाटेनं जाणाऱ्या कन्फ्यूशियसला दोघं न्याय करायला सांगतात. त्याला तो करता येत नाही आणि पोरं त्याला हसतात. मला ही गोष्ट फार आवडते. सूर्याच्या बाबतीतही हाच भ्रम होतो आणि जगभर मान असलेल्या गुरूला तिथं मुकाट्यानं हार पत्करावी लागते.

पण ज्यानं या कोड्याला हवेतून उचलून माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवलं, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. इब्न अल्-हैथम. इ.स. 965च्या सुमारास इराकमधल्या बसऱ्यात जन्म, उत्तरायुष्य कैरोत. त्याच्याबद्दल नंतरच्या चरित्रकारांनी सांगितलेली कथा अशी : नाईलचं पाणी आपण काबूत आणू शकतो अशी फुशारकी त्यानं मारली आणि ती खलिफा अल्-हाकिमच्या कानांवर गेली. खलिफानं बोलावून घेतलं, माणसं दिली. नदीच्या वरच्या अंगाला गेल्यावर याला कळून चुकलं की हे आपल्या आवाक्यातलं काम नाही. खलिफा लहरी, मुंडकं उडवायला मागेपुढे न पाहणारा. तेव्हा इब्न अल्-हैथमनं वेडाचं सोंग घेतलं आणि 1021 मध्ये खलिफा जाईपर्यंत घरातल्या कैदेत ते निभावून नेलं. तिखटमीठ किती आणि खरं किती, देव जाणे. पण त्याच काळाच्या आसपास त्यानं प्रकाशविज्ञानावरचा 'किताब अल्-मनाझिर' हा सात खंडांचा ग्रंथ लिहिला, हे मात्र पक्कं.

डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असं तोवर बरेच विद्वान मानत. इब्न अल्-हैथमनं ते मोडीत काढलं, आणि त्यापुढचं पाऊल माझ्या मते त्याहून मोठं होतं. डोळ्यांत प्रकाश शिरल्यानं पाहणं पुरं होत नाही, असं त्यानं मांडलं. आकार, अंतर, ओळख हे सगळं मन अनुमानानं ठरवतं. फक्त ते इतक्या झटकन होतं की अनुमान केल्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही. रोज हातानं तोलून भाजीची जुडी बांधणारी बाई वजनकाट्याकडे बघत नाही, तसंच. चंद्राबद्दल सातव्या खंडात तो म्हणतो की दाट बाष्पाचा काही हातभार कधी लागत असेलही, पण मुख्य कारण वेगळंच आहे. क्षितिजाकडे पाहताना मधे जमीन, घरं, डोंगर पसरलेले असतात, म्हणून तिकडचं आकाश आपल्याला दूरचं वाटतं. डोक्यावर मधे काहीच नसतं, म्हणून ते जवळचं वाटतं. डोळ्यांत पडणारी प्रतिमा तेवढीच, पण वस्तू जास्त दूरची, तेव्हा ती मोठी असलीच पाहिजे, असा मनाचा हिशेब.

साडेआठशे वर्षांनी, 1867 मध्ये, जर्मनीत हेल्महोल्ट्झनं 'नकळत काढलेला निष्कर्ष' ही कल्पना मांडली आणि दृष्टीच्या मानसशास्त्राची कुठलीही कथा तिथूनच सुरू करायचा शिरस्ता पडला. हेल्महोल्ट्झ थोर होता, त्याचं काही काढून घ्यायचं नाही. पण इब्न अल्-हैथमचा ग्रंथ लॅटिनमध्ये आला तो 1200च्या सुमारास आणि 1572 मध्ये बासलमध्ये छापलाही गेला. 2003 साली इराकनं दहा हजार दिनारच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला, एवढं तरी झालं.

पुरावा मिळायला 1962 साल उजाडलं. लॉइड कॉफमन आणि अर्विन रॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी भिंग आणि काच वापरून आकाशात दोन कृत्रिम चंद्र दाखवले, एक क्षितिजावर, एक उंच. दोन्ही सारखे वाटेपर्यंत एकाचा आकार कमी-जास्त करायचा, एवढंच काम पाहणाऱ्याला दिलं. क्षितिजावरचा चंद्र सरासरी 30 ते 50 टक्के मोठा वाटत होता. सुपरमूनचे 14 टक्के याच्यापुढे ठेवा! मधली जमीन पुठ्ठ्यानं झाकली की भ्रम जायचा. त्याआधी हार्वर्डच्या एडविन बोरिंगनं सारा दोष डोळे वर करून पाहण्याला दिला होता. कॉफमन आणि रॉक यांना त्याचा विशेष परिणाम दिसला नाही. शरीराचा मात्र थोडाफार संबंध असावा. ओणवं होऊन स्वतःच्या पायांमधून पाहिलं की लांबच्या वस्तूंचा आकार वेगळा वाटतो, हे जपानच्या हिगाशियामा आणि आदाची यांनी रीतसर प्रयोग करून दाखवलं आणि 2016 चं इग नोबेल मिळवलं. चंद्रासाठी हे जरूर करून पाहा, फक्त गच्चीच्या कठड्यापासून लांब उभे राहा.

मग प्रश्न सुटला का? नाही. कुणालाही विचारा, उगवता चंद्र जवळ वाटतो की दूर? बहुतेक जण म्हणतील, जवळ. मोठा आहे ना! मेंदू त्याला 'दूर' धरून मोठा करत असेल, तर तो आपल्याला जवळ कसा वाटतो? आधी नकळत दूर धरायचं, त्यावरून मोठा ठरवायचं आणि मग मोठा दिसतो म्हणून जवळचा म्हणायचं, असा दुहेरी हिशेब काही जण सुचवतात. मला हे जरा ओढूनताणून आणलेलं वाटतं.

दुसरा खडा आपल्याच देशातून पडला. एमआयटीमधले पवन सिन्हा हे दिल्लीत वाढलेले संशोधक. त्यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होतात. हातानं चाचपून ओळखलेली वस्तू नुसती पाहून ओळखता येते का, हा 1688 मध्ये विल्यम मॉलिन्यूनं विचारलेला प्रश्न. दृष्टी आल्याबरोबर मुलांना ते जमत नाही, पण काही दिवसांत जमू लागतं, असं त्यांच्या चमूनं 2011 मध्ये दाखवलं. 2015 मध्ये त्यांनी 8 ते 16 वयाच्या नऊ मुलांना शस्त्रक्रियेनंतर 48 तासांच्या आत पोन्झोचं चित्र दाखवलं. दूर जाताना एकत्र येणाऱ्या रुळांसारख्या दोन रेषा आणि त्यांच्यावर सारख्याच लांबीचे दोन आडवे दांडे. आपल्याला वरचा दांडा लांब वाटतो. त्या मुलांनाही तसाच वाटला.

दूरवर जाणारे रूळ ज्यांनी कधी नीट पाहिलेच नव्हते, ती मुलं पहिल्याच दिवसांत आपल्यासारखीच फसली. म्हणजे हा सगळा हिशेब अनुभवातून येतो, लहानपणापासून शिकलेला असतो, असं म्हणणाऱ्या हेल्महोल्ट्झला आणि माझ्या लाडक्या इब्न अल्-हैथमलाही थोडं मागे सरकावं लागेल. अर्थात कागदावरच्या रेघा वेगळ्या आणि आकाशातला चंद्र वेगळा. चंद्राच्या भ्रमाचं सर्वमान्य स्पष्टीकरण आजही नाही.

तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती. पुढच्या पौर्णिमेला मुलांना पंचिंगचं भोक पाडलेला कागद द्या. उगवता चंद्र आणि मध्यरात्रीचा चंद्र त्यांना स्वतः मोजू द्या. कारण विचारलं तर 'हवेचं भिंग' तेवढं सांगू नका.