भूकंपामागून येणारे धक्के



११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचार वाजण्यापूर्वी, लोणी काळभोर येथील आमच्या घरात फडताळातील भांडी आपोआप वाजू लागली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. सारी मंडळी अंगणात आली. हादरा ओसरल्यावर आजीने वडिलांना विचारले, "आता पुन्हा येईल का रे?" वडील काही बोलले नाहीत. त्याच पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त होऊन त्या परिसरात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, हे आम्हांस मागाहून समजले. रिश्टरमापाप्रमाणे तो भूकंप सुमारे ६.३ चा होता.

आजीचा तो प्रश्न काही साधा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात दहा हजारांच्या घरात माणसे गेली. मातीत रचलेल्या जड दगडी भिंती निजलेल्यांच्या अंगावर आल्या. जी कुटुंबे वाचली त्यांच्यापुढे त्या रात्रीपासून हाच प्रश्न उभा होता. उभ्या राहिलेल्या पण भेगाळलेल्या भिंतीस पाडावयास पहिल्याइतका मोठा धक्का लागत नाही. घरात केव्हा शिरावे, हे ठरविण्यासाठी मागून येणाऱ्या धक्क्यांची रीत ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ती रीत प्रथम मोजून दाखविली जपानच्या फुसाकिची ओमोरी यांनी. १८९१ साली नोबी प्रांतात मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या धक्क्यांची मोजदाद करून १८९४ साली त्यांनी असा नियम मांडला की, धक्क्यांची दैनिक संख्या लोटलेल्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. समजा, पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले, तर दहाव्या दिवशी सुमारे दहा आणि शंभराव्या दिवशी सुमारे एक बसेल. म्हणजे आरंभी उतार झपाट्याचा, पण शेपूट मात्र लांबच लांब. नियम हाती आला. परंतु तो असाच का, ह्याचे उत्तर पुष्कळ काळ समाधानकारक मिळाले नव्हते.

आता जमिनीखाली काय घडते ते पाहू. खडकातील ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात तिला भ्रंश म्हणतात. ह्या भ्रंशाचे अंग सर्वत्र सारखे नसते. काही जागा जड पेटाऱ्यासारख्या असतात: ओढता ओढता हलत नाही, आणि एकदा हलला की घर्षण कमी होऊन एकदम पुढे येतो. अशी जागा सुटते तेव्हा भूकंप होतो. दुसऱ्या जागांचा स्वभाव काकवीत फिरणाऱ्या पळीसारखा असतो. आमच्याकडे उसाचा मुलूख असल्यामुळे हे मी गुऱ्हाळावर पुष्कळदा पाहिले आहे: पळी हळू फिरवा, फिरते, जोराने फिरवू जाल तर काकवी अधिकच अडविते. अशा जागा झटक्याने सुटत नाहीत. मात्र शेजारचा पेटारा निसटला की त्याचा सारा भार त्यांच्यावर येतो, आणि मग त्या आवाज न करता, कंप न उठविता, दिवसच्या दिवस सरकत राहतात.

ह्या सरकण्यात एक गमतीची गोष्ट आहे. अशा जागांचे घर्षण वेगाबरोबर फारच सावकाश वाढते. त्यामुळे ढकलणारा जोर किंचित उणा झाला की वेग मात्र कितीतरी पटींनी उतरतो. हिशेब केला तर पहिल्या ते दहाव्या दिवसापर्यंत भ्रंश जितका सरकतो, जवळजवळ तितकाच सरकावयास त्याला दहाव्यापासून शंभराव्या दिवसापर्यंतचा अवधी लागतो. सरकण्याचा वेग काळाच्या व्यस्त प्रमाणात घटला, म्हणजे ओमोरींचाच नियम पुन्हा समोर आला!

हा केवळ कागदी मेळ नव्हे. २८ मार्च २००५ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस नियास बेटापाशी ८.६ मानाचा भूकंप झाला. तेथील बेटांवर उपग्रहांच्या साहाय्याने स्थान मोजणारी जी. पी. एस. यंत्रे होती. पुढील महिन्यांत जमीन किती सरकली आणि एकूण धक्के किती बसले, ह्या दोन्ही गोष्टी हातात हात घालून वाढल्याचे त्यांवरून दिसले. शिवाय मागून आलेल्या सर्व धक्क्यांची सरक एकत्र केली तरी ती त्या मूक सरकण्याचा अल्पसा अंश भरते. तेव्हा धक्क्यांमुळे जमीन सरकते असे म्हणता येत नाही. मूक सरकणेच वाटेतील लहान लहान चिकट जागांवर ताण आणून त्यांना एकामागून एक फोडीत जाते, हेच अधिक संभवते. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे २००४ साली ६ मानाचा भूकंप झाला. तेथे तर मागाहूनची मूक सरक खुद्द भूकंपाच्या सरकेहून अधिक भरली.

सर्वच तज्ज्ञांस हे मान्य आहे असे मात्र नाही. मूळ धक्क्याने आसपासच्या खडकांवर जो एकाएकी ताण पडतो, तेवढ्यानेही ओमोरींचा नियम सिद्ध होतो, असे दाखविणारे गणित १९९४ सालापासून उपलब्ध आहे. माझ्या अल्पमतीस वाटते की दोन्ही कारणे नांदत असावीत, आणि कोठे एकाचा, कोठे दुसऱ्याचा वरचष्मा असावा.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नियम संख्येचा आहे, आकाराचा नाही. धक्के विरळ होतात. लहानच होतील असा करार कोणी केलेला नसतो. नेपाळात २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ मानाचा भूकंप झाला, आणि सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ मानाच्या धक्क्याने आणखी दोनशेहून अधिक बळी घेतले. म्हणून भिंतीस तडा असेल तर दिवस मोजून घरात शिरू नये. जाणकाराकडून भिंत तपासून घ्यावी.

आणि कोयना? तिचा मामला निराळाच आहे. नुसत्या ओमोरींच्या नियमाने चालते तर तेथील धक्के एव्हाना नाममात्र उरावयास हवे होते. पण १९६७ नंतर अर्धशतकाहून अधिक काळ ते चालूच राहिले, आणि ५ मानाचे वा त्याहून मोठे धक्केही अनेकदा बसले. तेथे ताणाला पाण्याची जोड आहे. १९६२ च्या सुमारास भरू लागलेल्या शिवाजीसागर जलाशयाची पातळी दर पावसाळ्यात चढते, नंतर उतरते, आणि खडकांच्या फटींतील पाण्याचा दाब तिच्यामागून बदलतो. १९८५ पासून जवळच वारणेचे पाणीही साठू लागले. हे सारे जवळून पाहण्यासाठी गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खालचा जुना ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेचे भूकंप जन्मतात ते ह्याच खालच्या खडकात.